एक वीत कमी

विश्वास ठेवायचा झाला तर कुणावर ठेवावा, सांगता का? माणसावर, टेपवर, की वहीत लिहिलेल्यावर? घाई नको. दिवा जरा अलीकडे ओढा, पाय मोकळे करा, आणि मी सांगतो ते ऐकून मग उत्तर द्या.

फावडी, कुदळी, घमेली आणि दोर विकून माझा संसार झाला. शाळा चौथीतच सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. घर घेताना भिंतीला हातसुद्धा न लावणारा माणूस कुदळ घेताना ती दगडावर तीनदा वाजवून बघतो, हे मी गल्ल्यावर बसून पाहिलंय. एकाला विचारलं, असं का रे बाबा? तर म्हणाला, "शेठ, घर पडलं तर शेजारी धावून येतात. खड्ड्यात कुदळ मोडली तर कोण येणार?"

हे म्हणणारा गडी खड्डे खणणाऱ्या एका टोळीचा मुकादम. ही गोष्ट त्याचीच. त्यानं मला ती सांगितली, त्याच्या बायकोनं जागोजाग दुरुस्त केली, आणि दोघांचं जिथं पटलं नाही तिथं मी बायकोचं खरं धरलंय. धंद्यातला अनुभव, दुसरं काही नाही.

तर त्या वर्षी मुकादमाला एका नव्या दवाखान्याचं काम मिळालं. इमारत उभी होती, खाटा येऊन पडल्या होत्या, पण पाणी नव्हतं. टँकरनं आणायचं आणि बादलीनं पुरवायचं. म्हणून मागच्या मोकळ्या जागेत जमिनीखाली टाकी बांधायची ठरली. चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद आणि दहा फूट खोल असा खड्डा हवा होता. टोळीत आठ माणसं. मुकादम स्वतः कुदळ मारायचा, त्याची बायको एका बाजूला राखलेल्या उतारावरून घमेली वाहायची, आणि तिचे वडील, ज्यांना मुकादम मामा म्हणायचा, काठावर बसून कामावर लक्ष ठेवायचे. लक्ष म्हणजे कानानं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पण कुदळीच्या आवाजावरून कोण मारतोय आणि कोण नुसताच कण्हतोय, हे ते बरोबर सांगायचे.

आता ह्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. खणणाऱ्याला मजुरी मिळते काढलेल्या मातीची. पण काढलेली माती फुगते, तिचा ढीग मोजून काही कळत नाही. म्हणून खड्डा मोजायचा. लांबी-रुंदी सोपी. खोली कुठून मोजणार? काठावर उपसलेल्या मातीचे डोंगर झालेले असतात, मूळ जमीन कुठली ते दिसतच नाही. म्हणून खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच उभा ठेवतात. त्याच्या डोक्यावर मूळ जमिनीचं गवत जसंच्या तसं असतं. त्या गवतापासून तळापर्यंत टेप सोडली की झालं. ह्या खांबाला म्हणतात साक्षीदार.

आणि मोजणीच्या वेळी टोळीतला सगळ्यात वयस्क माणूस शिडीवर चढून साक्षीदाराच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "खरा आहे." मगच मोजणीवाला वहीत आकडा लिहितो. मामा चाळीस वर्षं हेच करत आले होते. ते म्हणायचे, "माझ्यापेक्षा साक्षीदार बरा. त्याला तोंड नाही, म्हणून खोटं बोलत नाही."

अकरा दिवस काम झकास चाललं. आधी काळी माती, मग मुरूम, मग पिवळी चिकणमाती. बाराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, खड्डा नऊ फूट तीन इंचांवर आला आणि कुदळी उड्या मारायला लागल्या.

खडक नव्हता. खडक लागला की कुदळ खणखणते, ठिणगी उडते. इथं आवाज येत होता तो मेल्यासारखा, धप्प. जोर लावून मारलं तरी नखाएवढा तुकडा निघायचा, पांढुरका, चुन्यासारखा. आणि त्याला एक वास होता. बंद पडलेल्या घराच्या मोरीसारखा, ओलसर आणि गार.

मुकादमाच्या बायकोनं एक तुकडा बोटांत चुरडला.

"अहो, ही माती आपसूक बसलेली नाही. कुणीतरी चोपून बसवलीय."

"हो, तुझ्या आजोबांनी."

"चेष्टा नको. हात लावून बघा."

"दुपारी चारला टेपसाहेब येणार आहेत. तेव्हा तेच हात लावतील."

टेपसाहेब म्हणजे मोजणीवाला. टेप गळ्यात घालून फिरायचा, जेवतानासुद्धा काढायचा नाही, म्हणून हे नाव. ठेकेदारानं त्याच्याकरवी निरोप पाठवला होता की शनिवारी दहा फूट भरले नाहीत तर सोमवारी खणायचं मशीन आणतो, आणि पुढची सगळी कामंही मशीनलाच. एक मशीन म्हणजे आठ माणसांच्या चुली थंड. शिवाय बायकोचा उजवा खांदा सुजून आलेला. ती बोलत नव्हती, पण सकाळपासून घमेलं डाव्या बाजूनं उचलत होती. नऊ इंच म्हणजे एक वीत. ह्या टणक थरात एक वीत म्हणजे आणखी तीन दिवस.

दुपारी सगळे पत्र्याच्या शेडखाली डबे सोडायला वर गेले. मुकादम म्हणाला, मी येतो मागून. खड्ड्यात तो एकटा राहिला.

भर दुपारी खोल खड्ड्यात कधी उभे राहिलात? ऊन बरोबर डोक्यावर येतं, चारी भिंती पांढऱ्याफटक होतात, स्वतःची सावली पायाखाली शिरून बसते. वरचा आवाज खाली येत नाही. शेडमध्ये माणसं हसत असतात, त्यांची तोंडं हलताना आठवतात, पण ऐकू काही येत नाही. अंधाराला माणूस निदान दिवा तरी लावतो. त्या उजेडाला काय लावणार?

त्यानं काठापलीकडच्या गवतातून वीतभर जाडीचं एक ढेकूळ चौकोनी कापून आणलं. गवतासकट. शिडी लावून साक्षीदाराच्या डोक्यावर बसवलं, आणि ओल्या हातानं सांधा असा लिंपला की त्याच्या स्वतःच्या डोळ्यालाही दिसेना. साक्षीदार वीतभर उंच झाला, म्हणजे खड्डा वीतभर खोल झाला. कुदळ न उचलता.

शेवटचा हात फिरवत असताना त्याला आवाज आला. टक. टक. टक. थोडं थांबून पुन्हा तीन. त्याला वाटलं, दवाखान्याचा पंप असेल. मग आठवलं, दवाखान्याला पाणीच नाही, पंप कुठला?

तो शिडीवरून उतरला तो जरा जास्तच पटकन.

चारला टेपसाहेब आले. मामांना धरून खाली उतरवलं, शिडीवर चढवलं. त्यांनी साक्षीदाराच्या डोक्यावर हात ठेवला. नेहमी ते हात ठेवायचे आणि लगेच बोलायचे. ह्या वेळी हात गवतावरून फिरला. पुन्हा फिरला. गवताचं एक पातं त्यांनी दोन बोटांत धरलं आणि तसेच थांबले. मुकादमाच्या पाठीवरून घामाचा थेंब खाली गेला, तो त्याला कमरेपर्यंत कळला.

"खरा आहे," मामा म्हणाले.

टेपसाहेबांनी टेप सोडली. "दहा फूट. वा, मुकादम! दोरीनं आखल्यासारखं काम." वहीत लिहिलं, खाली सही घेतली. "साक्षीदार आत्ता पाडू नका. सोमवारी ठेकेदार बघतील, लगेच रोलर खाली उतरवू आणि तळ दाबून घेऊ. वहिनी, रोलरच्या पुढं पाणी मारायला तुम्ही या."

"येते की," मुकादमाची बायको म्हणाली. "पाणी मारायला खांदा लागत नाही."

सगळे हसले. मामा हसले नाहीत.

रविवारी सुट्टी. सकाळी दहाच्या सुमारास मुकादम राहिलेले दोर आणायला एकटाच गेला. लख्ख ऊन पडलेलं, दवाखान्याच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. भिण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यानं काठावरून खाली पाहिलं.

साक्षीदार आपल्या मूळ उंचीवर उभा होता.

वर बसवलेलं ढेकूळ तळाशी पडलं होतं. पडलं होतं म्हणणंही चूकच. पडलं असतं तर फुटलं असतं, दहा फुटांवरून मातीचं ढेकूळ काय शाबूत राहतं? ते नीट ठेवलेलं होतं. गवत वर, साक्षीदाराच्या पायाशी, देवडीवर चप्पल काढून ठेवावी तसं.

मुकादम म्हणतो, त्या क्षणी परत फिरायला हवं होतं. पण माणसाचं कसं असतं, एक खोटं केलं की त्याची डागडुजी करायला तो स्वतःच मजूर लागतो. तो उतरला. ढेकूळ उचललं. ते वरून उन्हात तापलेलं होतं आणि खालून बर्फासारखं गार. शिडी लावली, वर चढला, पुन्हा बसवलं, पुन्हा लिंपलं. खाली उतरून मागं वळला.

"एक वीत कमी."

आवाज मोठा नव्हता. दमदाटीचा नव्हता. कामावर मोजणी ओरडून सांगतात ना, त्यातला रोजचा आवाज. फक्त तो पायाखालून आला.

मुकादमानं तळहात जमिनीला टेकला. तो तळावर बसला तेव्हा त्याला तळाचा वास आला, कालचाच, मोरीचा, पण आता त्यात ओल्या दोराचाही वास होता. खाली कुठंतरी काहीतरी सरकत होतं. दगडावरून हात सरकावा तसं. सरकायचं... थांबायचं... पुन्हा सरकायचं.

"कोण... कोण आहे?"

सरकणं थांबलं.

"कोण आहे खाली?"

"मोजतोय..."

"कुठून?"

गच्चीवरची एक चादर वाऱ्यानं फडफडली, तेवढाच काय तो आवाज. मग अगदी जवळून, म्हणजे त्याचा तळहात जिथं टेकला होता त्याच्या बरोबर खालून,

"...खालून."

दोर तिथंच राहिले. शिडीही तिथंच राहिली. उतारावरून तो धावत आला की नुसता वर आला, हे त्याला आजही सांगता येत नाही.

घरी पोहोचला तेव्हा बायको खांद्यावर गरम फडकं धरून बसली होती आणि मामा दारातल्या खुर्चीत ऊन खात होते.

"दोर कुठायत?" बायकोनं विचारलं.

"विसरलो."

"दोर आणायला गेलात आणि दोरच विसरलात? बाजारात गेलात तर मला विसरून याल."

"अगं, थांब जरा." त्याच्या आवाजात असं काही होतं की ती थांबली. तो मामांसमोर जमिनीवर बसला.

मामाच बोलले. "जावईबापू, साक्षीदाराला उभं राहून किती दिवस झाले?"

"बारा."

"बारा दिवस उन्हात. मुळं चारी बाजूंनी तुटलेली, खालून ओल नाही. मग त्याच्या डोक्यावरच्या गवताचं काय होतं?"

मुकादमाला उत्तर माहीत होतं. टोळीतल्या पोरासोरालाही माहीत असतं. साक्षीदाराचं गवत चार-पाच दिवसांत वाळून कोळ होतं. त्यानं शनिवारी दुपारी हिरवंगार, ओलं, मऊ गवत नेऊन वर ठेवलं होतं. टेपसाहेबांनी टेप पाहिली, गवत पाहिलं नाही. आणि ज्याला डोळे नव्हते, त्यानं ते बोटांत धरून पाहिलं.

"तुम्हाला कळलं होतं," तो पुटपुटला. "मग खरा आहे म्हणालात का?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो." मामांनी चेहरा लेकीच्या दिशेनं वळवला. "तुमच्यासाठी नाही. तिचा खांदा सुजलाय, चालण्यावरून कळतं मला. म्हटलं, जावयाला एक दिवस देऊ. आपण होऊन सांगेल. नाहीच सांगितलं, तर सोमवारी रोलर यायच्या आत मी माझा शब्द परत घेणार होतो. आता बोला, मी घेऊ, की तुम्ही घेता?"

बायकोनं फडकं खाली ठेवलं. "माझ्या खांद्याच्या नावावर खोटं केलंत?" ती एवढंच म्हणाली. मुकादम म्हणतो, खड्ड्यातल्या आवाजापेक्षा हा आवाज जास्त लागला.

मग त्यानं सगळं सांगितलं. टकटक, ढेकूळ, आवाज, सगळं. मामा शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आवाज रागावलेला होता का?"

"नाही. आपल्यातल्याच कुणाचा असावा तसा होता."

"मग भिऊ नका. ज्याला तुमचं वाईट करायचं असतं, तो चूक दाखवत नाही. तो गप्प बसून बघत राहतो."

सोमवारी सकाळी आठला रोलर खड्ड्याच्या उतारावर उभा होता. इंजिन सुरू, धूर सुटलेला. रोलरवाला बाजूच्या आरशात बघून केस सारखे करत होता. ठेकेदाराचा पत्ता नव्हता, पण टेपसाहेब होते, टोळी होती, दवाखान्यातले दोन-तीन लोकही मजा बघायला जमले होते. मुकादमाची बायको पाण्याचा पाइप घेऊन रोलरच्या पुढं उभी.

मुकादम उतारावरून चालत गेला आणि तिच्या आणि रोलरच्या मधे उभा राहिला.

"टेपसाहेब, वही काढा. एक वीत कमी आहे."

"काय कमी आहे?"

"खड्डा. नऊ फूट तीन इंचच आहे. साक्षीदारावर मी ढेकूळ ठेवलं होतं. मामांचा दोष नाही, माझा आहे."

मग टोळीतला एक जण, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे कारण तो टोळीत सगळ्यात किडकिडीत होता, कपाळावर हात मारून म्हणाला, "दादा, पाप करायचं होतं तर निदान आम्हाला विचारून तरी करायचं! आणि कबूल करायचं होतं तर पगार झाल्यावर!"

टेपसाहेब लालबुंद झाले. "मुकादम, मी लिहून मोकळा झालोय. सही झालीय. वीतभर मातीसाठी माझी वही खराब करू? राहू दे. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगतो, हे वाक्य मी धंद्यात इतक्यांदा ऐकलंय की त्याला भाडं लावलं असतं तर आज बंगला असता.

मुकादम खाली गेला, शिडी अजून तिथंच होती, वर चढला आणि ढेकूळ दोन्ही हातांनी ढकललं. ह्या वेळी ते रीतसर फुटलं. "आता मोजा," तो म्हणाला.

टेपसाहेबांनी मोजलं. आकडा खोडला. नवा लिहिला. खाली दात-ओठ खात सही केली आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत दहा भरा. नाही भरले तर मशीन येईल आणि मी मधे पडणार नाही."

सगळ्यात आधी कुदळ उचलली ती मुकादमाच्या बायकोनं, डाव्या हातानं. मग पैलवान उतरला, शिव्या देत. मग बाकीचे. आणि एक नवल झालं. शनिवारी ज्या थरावर कुदळी उड्या मारत होत्या, तो सोमवारी ऐकायला लागला. मऊ झाला नव्हता, पण सुटत होता. गुळाच्या ढेपीसारखा, थरानं थर. मामा काठावरून कान लावून बसले होते. दुपारी तीनच्या सुमारास ते एकदम उभे राहिले.

"थांबा! सगळे थांबा! कोण मारतंय मधोमध, साक्षीदाराच्या पलीकडं?"

"मी," मुकादम म्हणाला.

"आणखी एकदा मारा. हळू."

त्यानं मारलं. ह्या वेळी धप्प नाही झालं. खाली, खूप खाली, तो आवाज घुमला, आणि घुमत घुमत परत वर आला.

रोलरवाल्यानं हात लांब करून इंजिन बंद केलं, जणू त्याच्या धडधडीनं काहीतरी जागं होईल.

मुकादमानं सगळ्यांच्या कमरेला दोर बांधले. हातांनी माती बाजूला केली. खाली एक दगडी फरशी होती, गाडीच्या चाकाएवढी गोल, कडेनं चुन्यानं बंद केलेली आणि आरपार तडकलेली. शनिवारच्या तळापासून बरोबर एक वीत खाली. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. पहारी लावून ती सरकवली, तेव्हा आतून एक लांब गार श्वास बाहेर आला, मोरीचा नाही आता, पाण्याचा.

विहीर होती. केव्हातरी कुणीतरी बुजवायचा कंटाळा केला, वरून फरशी ठोकली, माती चोपली आणि विसरून गेलं. दवाखान्याच्या कागदांत ती नव्हती, आजूबाजूच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतही नव्हती. त्या तडकलेल्या फरशीवर रोलर आला असता. रोलर, रोलरवाला, आणि त्याच्या पुढं पाइप घेऊन चालणारी मुकादमाची बायको. तिनं आत डोकावलं, मग नवऱ्याचा हात धरला आणि सगळ्यांसमोर धरूनच ठेवला. पैलवाननंसुद्धा त्यावर काही विनोद केला नाही.

रोलरवाला खालीच बसला होता. "माझी पोरगी म्हणत होती आज सुट्टी घ्या," तो परत परत सांगत होता. "आज सुट्टी घ्या म्हणत होती."

पुढचं सगळं चांगलंच झालं. पाणी तपासलं, गोड निघालं. टाकी पंचवीस फूट बाजूला सरकवली, विहीर ठेवली. ती साफ करून कठडा बांधायचं काम ह्याच टोळीला मिळालं, आणि ठेकेदार, जो मशीन आणणार होता, तो त्यानंतर कामं देताना आधी मुकादमाला विचारायला लागला. मुकादमानं तडकलेली फरशी ओढून काढायला माझ्याकडून साखळी नेली तेव्हा बायकोचा खांदा बरा झाला होता आणि ती साखळीची एकेक कडी ओढून बघत होती. आज त्या दवाखान्यात टँकर येत नाही. जन्मलेल्या पोरांची पहिली आंघोळ त्याच पाण्यानं होते.

आता एक गोष्ट राहिली. ती सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण दिवा आहे, तुम्ही आहात, आणि अर्धवट सांगितलेला हिशेब मला झोपू देत नाही.

फरशी सरकवली तेव्हा आत काळोख होता. रोलरवाल्यानं आपला आरसा काढून दिला, मुकादमानं त्यावर ऊन घेतलं आणि विहिरीत टाकलं. उजेडाचा गोल भिंतीवरून खाली खाली गेला. बांधीव दगडी भिंत, कोरडी, धड. आणि तिच्यावर पाण्यापासून थेट वरपर्यंत एका रेषेत चिखलाचे पंजे उमटलेले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेले. एक संपला तिथं दुसरा, दुसरा संपला तिथं तिसरा. कुणीतरी वितीवितीनं विहीर मोजली होती.

टेपसाहेबांनी टेप सोडली. पाण्यापासून फरशीपर्यंत तीस फूट. मग पंजे मोजले. चाळीस. नऊ इंचांच्या चाळीस विती, बरोबर तीस फूट. खालचे पंजे वाळून पापुद्रे सुटले होते. वर येता येता ते ओले होत गेले होते. मामांना धरून खाली आणलं होतं, त्यांनी सगळ्यात वरच्याला बोट लावलं, तर चिखल बोटाला आला.

मामांनी तो चिखल अंगठ्यानं चोळला आणि जावयाला विचारलं, "प्रत्येक पंजात अंगठा कुठं आहे? वर की खाली?"

"खाली."

"सगळ्यांत?"

मुकादमानं आरसा पुन्हा फिरवला. वरून खाली, खालून वर. "सगळ्यांत. अंगठा खाली, करंगळी वर."

वीत घालताना माणूस आधी अंगठा टेकतो आणि मग करंगळी पुढं नेतो. म्हणजे मोजणारा खालून वर आला होता. करंगळी खाली असलेली, म्हणजे परत जातानाची, एकही वीत त्या भिंतीवर नव्हती. फरशीला पहार लावेपर्यंत वर यायला जागा नव्हती, आणि फरशी सरकवली तेव्हा नऊ-दहा माणसं भोवती उभी होती. उजेडात. डोळे उघडे ठेवून.

तो परत गेलेला नाही, एवढंच मला माहीत आहे. कुठं गेला, ते माहीत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती करतो, मोठ्या भावाची समजा. तुम्ही काय मोजता ते मी विचारत नाही, कापड असेल, दूध असेल, कुणाचे कामाचे तास असतील. जे मोजाल ते हिशेबात जसं आहे तसं लिहा. वीतभरसुद्धा इकडचं तिकडं करू नका.